हेडफोन घेतला जूनमध्ये, नीट ऐकायला मिळाला सप्टेंबरमध्ये

आधीच सांगते, कोणता हेडफोन घ्यायचा हा प्रश्न माझा तीन आठवड्यांत सुटला होता. पुढचे अडीच महिने गेले ते एका सर्व्हिस सेंटरच्या मागे, आणि तो राग अजून डोक्यातून गेला नाहीये म्हणून हे सगळं लिहून काढतेय. माझ्यासारखं अजून कुणाचं व्हायला नको.

मी नाशिकला राहते, काम घरून, रात्री व्हॅलोरंट, म्हणजे समोरच्या टीमची पावलं ऐकून नेम धरायचा बंदुकांचा ऑनलाइन गेम. पाच जणांची ठरलेली टीम आहे, गेलं वर्षभर डायमंड या रँकमध्ये अडकलोय. आणि घरात बाबांमुळे लहानपणापासून नाट्यसंगीत, ख्याल, किशोरीताई, भीमसेनजी हेच कानावर पडलंय. त्यामुळे मला गेमसाठी एक आणि गाण्यासाठी एक असे दोन नको होते, एकच हवा होता पण चांगला. बोनस आला होता, ४० हजारांपर्यंत जायची तयारी केली.

निवडीचं थोडक्यात सांगते. ‘गेमिंग’ असं खोक्यावर लिहिलेले, लाइटवाले हेडसेट मी आधीच बाजूला काढले, कारण त्यातल्या बऱ्याच जणांत बास इतका फुगवलेला असतो की स्फोट जोरात आणि पावलं दबलेली, आणि तंबोरा तर पंख्यासारखा घुमतो. ओपन बॅक घ्यायचा हे पक्कं होतं, म्हणजे कपाची मागची बाजू जाळीची, आवाज कोंडत नाही, मोकळा लागतो. (तोटा हा की तुमचं सगळं बाहेर ऐकू जातं आणि बाहेरचं आत येतं. उन्हाळ्यात पंखा फुल असला की तो पण ऐकावाच लागतो, आणि कुकरची शिट्टी तर येतेच येते.) मुंबईला एका दुकानात बसून निवांत ऐकू देतात असं कळलं, म्हणून एका शनिवारी पंचवटी एक्सप्रेसने गेले, दादरला उतरले आणि तिथे दोन तास बसून चार हेडफोन ऐकले.

बायरडायनॅमिकचा डीटी १९९० प्रो घातला आणि पावलं अक्षरशः टोचल्यासारखी स्पष्ट, पण किशोरीताई तार सप्तकात गेल्या की तेच टोचणं कानाला होतं, शिवाय वजन ३७० ग्रॅम. सेनहायझरचा एचडी ६००, हा १९९७ पासून चालू आहे आणि का चालू आहे ते गाणं लावल्यावर कळतं, गळ्याचा आवाज मी इतका खरा दुसऱ्या कशातच ऐकला नाही. वजन २६० ग्रॅम, पण नवा असताना डोकं आवळतो, चष्मा असेल तर काडी कानामागे रुतते. हायफायमनचा सुंदारा प्लेनर आहे, म्हणजे आत सपाट पातळ पडदा हलून आवाज येतो, त्याला अँपमधून (आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) करंट बऱ्यापैकी लागतो. चौथा जो होता तो मी घेतला. त्याचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, माझा पीस खराब निघाला म्हणून सगळेच खराब असं मला म्हणायचं नाहीये. दुकानातला डेमो पीस उत्तमच होता. ऑर्डर मात्र मी घरी येऊन ऑनलाइन केली, हजार दीड हजार वाचले म्हणून, आणि ती चूक होती, दुकानातूनच घ्यायला हवा होता.

आता मुद्द्याचं.

जूनच्या मध्यावर हेडफोन आला. परत करायची मुदत ७ दिवस. त्या ७ दिवसांत मी फक्त खेळले, गाणं लावायला वेळच झाला नाही. आणि खेळात काय व्हायचं, मी कोपऱ्यावर नेम धरून बसायचे आणि माणूस माझ्या नेमाच्या उजवीकडून निघायचा. दरवेळी थोडासाच. असेंट नावाच्या मॅपवर मिडमध्ये, म्हणजे मधल्या भागात, उभं राहिलं की एका बाजूला मार्केट, दुसऱ्या बाजूला कॅटवॉक, तिथे पावलं कुठून आली हे चुकलं की राउंड गेलाच. टीममधला एक जण म्हणाला, अगं नवीन हेडफोन आहे, सवय व्हायला वेळ लागतो. मलाही ते पटलं आणि मी दोन आठवडे सवय करत बसले.

तेराव्या दिवशी बाबांना हेडफोन दिला. त्यांनी बालगंधर्व लावले, जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून घेतलेलं रेकॉर्डिंग. दोन मिनिटांत बाबा म्हणाले, ‘अगं हे डावीकडे का बसलेत?’ मी घालून पाहिलं, खरंच, आवाज नाकासमोर नाही, डाव्या भुवईवर. ती रेकॉर्डिंग सगळी मोनो आहेत, दोन्ही कानांत अगदी तेच जातं, म्हणजे आवाज डोक्याच्या बरोब्बर मध्येच यायला हवा. स्टिरिओ गाण्यात हे लक्षातच येत नाही, वाटतं मुळातच तसं मिक्स केलंय. तेव्हा नवीन हेडफोन आला की पहिल्याच दिवशी एक जुनं मोनो गाणं लावा, बाकी सगळं नंतर. मी पहिल्या दिवशी लावलं असतं तर सरळ रिटर्न झाला असता आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

मुदत गेली, म्हणजे आता वॉरंटी. सर्व्हिस सेंटर मुंबईत, नाशिकला फक्त जमा करायचं काउंटर. तिथे एक फॉर्म भरायचा. प्रॉब्लेमच्या खाली चौकटी: आवाज येत नाही, चार्ज होत नाही, ब्लूटूथ जोडलं जात नाही, माईक चालत नाही, इतर. माझ्या हेडफोनला बॅटरी नाही, ब्लूटूथ नाही, माईक नाही. ‘इतर’वर टिक केली. पुढे दोन बोटांची रेघ. मी काउंटरवरच्या दादाला समजावून सांगितलं की उजवी बाजू डावीपेक्षा हळू आहे, बंद नाही, हळू आहे, फरक मोनोमध्ये कळतो. त्याने मान डोलावली आणि त्या रेघेवर लिहिलं, ‘साउंड लो’.

तेव्हाच फॉर्म परत घ्यायला हवा होता मी. नाही घेतला.

१९ दिवसांनी मेसेज आला, तपासणीत दोष आढळला नाही, हेडफोन घेऊन जा. मी फोन केला. तिकडून सांगितलं, मॅडम दोन्ही साइड चालू आहेत, आम्ही गाणं लावून चेक केलं. कोणतं गाणं? ते माहीत नाही. मी म्हटलं, चालू आहेत ते मलाही माहितीये, सारख्या नाहीत. त्यावर तो माणूस अगदी शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, एकदा कान दाखवून घ्या.’

मी त्या रात्री झोपले नाही. रागही होता आणि खरं सांगायचं तर भीतीही होती, की खरंच कान असेल तर? म्हणून दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ऑडिओमेट्री केली, म्हणजे आवाजबंद खोलीत बसवतात, कानात एकेक बारीक शिट्टी येते, २५० हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंत, ऐकू आली की बटण दाबायचं. रिपोर्टवर दोन्ही कानांच्या रेषा जवळजवळ एकावर एक. कान ठणठणीत. तो कागद मी तिथेच दोनदा झेरॉक्स केला.

मग हेडफोन परत आणला आणि घरी नीट तपासला, हे प्रत्येकाला करता येतं. पहिलं, हेडफोन उलटा घालायचा. हळू बाजू त्याच कानाला राहिली तर कान बघा, दुसऱ्या कानाला गेली तर कान सुटला. माझी गेली. दुसरं, केबल कपाला दोन्हीकडे वेगवेगळी लागत असेल तर डावी पिन उजव्या कपात आणि उजवी डाव्यात लावायची. दोष केबलचा किंवा अँपचा असेल तर तो दुसऱ्या कपात जातो, ड्रायव्हरचा, म्हणजे कपातल्या आवाज काढणाऱ्या भागाचा, असेल तर आहे तिथेच राहतो. माझा आहे तिथेच राहिला, उजव्या कपात. तिसरं, किती फरक ते मोजायचं. जाड पुठ्ठ्याला मधोमध भोक पाडलं, खालून फोनचा माईक भोकाला टेकवला, वर कप दाबून ठेवला आणि १ किलोहर्ट्झचा मोनो टोन वाजवला. फोनच्या डेसिबल ॲपवर आकड्यासाठी विश्वास ठेवू नका, पण तोच फोन, तेच भोक, तोच आवाज असेल तर फरक चालतो. दोन्ही बाजूंची पाच पाच मापं घेतली, दरवेळी कप उचलून पुन्हा ठेवला. उजवी बाजू सरासरी ४ डेसिबल खाली.

४ डेसिबल ऐकायला कमी वाटतं. पण आवाज कुठून आला हे मेंदू ठरवतो ते दोन कानांतल्या पातळीच्या आणि वेळेच्या फरकावर, आणि वेळेचा फरक जास्तीत जास्त मिलिसेकंदाच्या दोन तृतीयांशाइतकाच असतो. इतक्या नाजूक हिशोबात कायमचे ४ डेसिबल डावीकडे टाकले की समोरचा माणूस डावीकडे सरकणारच. मी दोन आठवडे ज्याला सवय म्हणत होते ते हे होतं.

दुसऱ्यांदा जमा करायला गेले तेव्हा तक्रार घरूनच टाइप करून नेली, एकच वाक्य: ‘१ किलोहर्ट्झ मोनो टोनवर उजवा कप डाव्यापेक्षा ४ डेसिबल कमी, केबल अदलाबदल करूनही दोष उजव्याच कपात, मोनो टोनवरच तपासावे.’ सोबत मापांचा तक्ता, ऑडिओमेट्रीचा रिपोर्ट, बिल, सिरीयल नंबरचा फोटो. फॉर्मला सगळं स्टेपल करायला लावलं आणि पोचपावतीवर ‘कागद ५’ असं लिहून घेतलं. काउंटरवरचा दादा म्हणाला, एवढं कुणी देत नाही. मी म्हटलं, १९ दिवस पण कुणाला लागू नयेत.

तरी तीन आठवडे काही नाही. गणपती आले, गेले, हेडफोन मुंबईत. दर दोन दिवसांनी फोन, दरवेळी नवीन माणूस, दरवेळी सुरुवातीपासून सगळी कथा. शेवटी १९१५ ला फोन लावला, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ते कोर्ट नाही, ते तुमची तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर मागतात. तक्रार क्रमांक मिळाला, तो टाकून मी कंपनीला पाच ओळींचा मेल केला, आणि त्यात हेही लिहिलं की उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार करणार आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, हे मला तोवर पाठ झालं होतं. नवव्या दिवशी फोन आला, पीस बदलून मिळेल. कारण विचारलं तर म्हणाले, ड्रायव्हर मिसमॅच. म्हणजे मी म्हणत होते तेच.

त्या फोननंतर मी आईला स्वयंपाकघरात जाऊन मिठी मारली, इतकं बरं वाटलं.

काही गोष्टी आता आठवतायत त्या सांगून टाकते. अँपच्या व्हॉल्यूमचं बटण अगदी खाली, सुरुवातीला असेल तर साध्या फिरत्या बटणात डावं-उजवं कमीजास्त असतंच, तो हेडफोनचा दोष नाही, थोडं वर नेऊन मगच तपासा. विंडोजमध्ये मोनो ऑडिओची सेटिंग आहे, तपासायला उत्तम, पण नंतर आठवणीने बंद करा, ती चालू ठेवून खेळलात तर दिशा कळणारच नाही. व्हॅलोरंटमध्ये एचआरटीएफ (हेडफोनवर आवाजाची दिशा कळावी म्हणून असलेली सेटिंग) चालू ठेवा आणि मग विंडोजचं, साउंड कार्डचं ७.१ वगैरे सराउंड सगळं बंद, दोन्ही एकावर एक चढले की पावलं विहिरीतून आल्यासारखी येतात. आणि अँप लागतो का, तर ते बरंचसं ओहमवर, म्हणजे हेडफोनच्या विजेला होणाऱ्या रोधावर, आहे: ३०० ओहमच्या एचडी ६०० ला १ मिलिवॅट द्यायला साधारण ०.५५ व्होल्ट लागतात, लॅपटॉपला पूर्ण आवाजात दम लागतो, साधा यूएसबी अँप पुरतो, अँपवर हेडफोनइतका खर्च करू नका. लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर कानात घूं येत असेल तर आधी घरातलं अर्थिंग बघा, आमचं नव्हतं. माईक वेगळा घ्या. बिल अधिकृत विक्रेत्याचं आणि स्वतःच्या नावावरच हवं, नाहीतर वॉरंटीच्या काउंटरवर पहिल्या मिनिटाला परत पाठवतात.

सप्टेंबरमध्ये बदली पीस आला तेव्हा मी काउंटरवर लॅपटॉप घेऊनच गेले. सही आधी करा म्हणाले, मी म्हटलं आधी ऐकते. बॉक्स तिथेच उघडला, टोन लावला, उलटा घालून पाहिला, पिना अदलाबदल केल्या, मागे दोन माणसं थांबली होती, त्यांना सॉरी म्हटलं आणि तरी थांबले नाही. मग बालगंधर्व लावले. आवाज बरोब्बर मध्ये, नाकासमोर. मग सही केली.