आंबोलीत ओंडक्याखाली आरसा धरून दोन दिवस

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि बायको आंबोलीला जाऊन आलो. लोक जून-जुलैत बेडूक बघायला जातात, आम्ही गेलो पडलेल्या लाकडांवरच्या त्या छोट्या कडक फळीसारख्या बुरश्या बघायला. लॉजवाल्या काकांना सांगितलं तर म्हणाले, "अळमी आता खंय गावतली, ती कधीच संपली." अळमी म्हणजे खायची जंगली मशरूम, त्यांना वाटलं खायला हवीयत.

पहिला दिवस वाया गेला, चूक माझीच. महादेवगडाच्या रस्त्याकडेला दोनेकशे फोटो काढले, सगळे वरून, आणि रात्री ओळखायला बसलो तर एकाचंही धड सांगता येईना, कारण वरचे रंगीत पट्टे सगळ्यांनाच असतात, खरी ओळख असते ती खालच्या बाजूला. नेटवर पट्टे दिसले की लगेच टर्की टेल म्हणून मोकळे होतात, पण टर्की टेल म्हणजे ट्रॅमेटीसच्या पोटाला बारीक छिद्रं असतात आणि तसंच दिसणाऱ्या स्टीरियमचं पोट एकदम गुळगुळीत, छिद्रबिद्र काही नाही. वरून दोन्ही सेम.

दुसऱ्या दिवशी बायकोने पर्समधला पावडरच्या डबीचा आरसा काढून दिला. तो बुरशीखाली तिरका धरायचा, टॉर्च मारायचा, काही तोडायला लागत नाही (जंगलातून काही उचलून आणायचंही नाही, त्याला परवानगी लागते). मग मजा आली. हिरण्यकेशीच्या वाटेवर एका बारीक फांदीवर पातळ तपकिरी फनेल, देठाच्या बुडाशी पिवळी चकती, तो मायक्रोपोरस झँथोपस. त्याची छिद्रं इतकी बारीक की 10 एक्स भिंगाशिवाय खालची बाजू कोरी वाटते, त्यामुळे भिंग न्याच. याउलट हेक्सागोनिया, मधाच्या पोळ्यासारखी मोठी छिद्रं, चष्मा विसरलात तरी दिसतील. आणि उन्हातल्या ओंडक्यावर वरखाली भडक केशरी दिसली तर बहुतेक पिक्नोपोरस, फक्त जुनी झाली की ऊन-पावसाने रंग उडतो, तेव्हा फसू नका.

माझी आवडती मात्र शिझोफायलम कम्यून. दोन-तीन सेंटीमीटरचा पांढरट केसाळ पंखा, खाली छिद्रं नाहीत, पाती, आणि प्रत्येक पाती कडेला उभी चिरलेली. कोरड्या हवेत या पाती आत वळून बंद होतात. लॉजच्या अंगणातल्या सरपणावर सुकलेली एक होती, तिच्यावर पाणी शिंपडलं आणि चहा-गप्पा होईपर्यंत पाती उलगडायला लागल्या! मणिपूरमध्ये हिला कांगलायेन म्हणतात आणि खातात, पण फोटोवरून ओळखून तुम्ही काहीही खाऊ नका प्लीज.

जाणाऱ्यांसाठी: रेल्वेने सावंतवाडी रोड, तिथून घाट चढून साधारण तीस-पस्तीस किमी. शनिवार-रविवार टाळा, धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते. जळवा सप्टेंबरातही असतात, पँट मोज्यात खोचा. ओंडक्याखाली थेट हात घालू नका, मलबारी चापडा हा विषारी साप इथलाच रहिवासी आहे, आधी काठी, मग टॉर्च, मग आरसा. प्रत्येक बुरशीचे तीन फोटो घ्या, वरून, खालून आणि लाकडासकट, शेजारी दहाचं नाणं ठेवून, ते 27 मिमीचं असतं म्हणजे साइज कळते. जमलं तर झाड कुठलं तेही लिहा, आम्हाला अर्ध्या वेळा नाही जमलं, साल कुजून गेलेली.

आणि प्रजातीपर्यंत जायचा हट्ट धरू नका, बऱ्याचदा मायक्रोस्कोपशिवाय ते होतच नाही. माझ्या वहीत अजून एक नोंद तशीच आहे, "तपकिरी, मखमली, छिद्रं चौकोनी, हिरण्यकेशी वाट, उजवीकडे".