तुम्ही विचारलंत म्हणून: नेत्यांमधला खरा दर्दी कोण?

पेटीची, म्हणजे हार्मोनियमची, साथ करत आयुष्य गेलं. त्यामुळे मैफलींना पहिल्या रांगेत बसणारे नेते मी समोरून, मंचावरून पाहिले आहेत. म्हणूनच असेल, पण ओळखीपाळखीत राजकारणाचा विषय निघाला की मला एक प्रश्न हमखास येतो: "यांच्यातला खरा दर्दी कोण हो?" निवडणुका आल्या की तो जास्तच येतो, कारण तेव्हा टीव्हीवरच्या मुलाखतीत उमेदवारांना आवडतं गाणं विचारतात. कुणी अभंग सांगतं, कुणी किशोरकुमार.

माझं उत्तर गेली कित्येक वर्षं बदललेलं नाही. सत्ता हातात असलेल्या माणसांमध्ये संगीतावर सर्वांत जास्त जीव असलेला माणूस म्हणजे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. नव्या पिढीला हे नाव माहीतच नसतं, आणि ज्यांना माहीत असतं ते म्हणतात, "म्हणजे ते सिनेमाची गाणी बंद करणारे?" हो, तेच.

केसकर मूळ पुण्याचे. जन्म 1903चा. काशी विद्यापीठात शिकले, पुढे पॅरिसला जाऊन डॉक्टरेट घेतली, काँग्रेसचे सरचिटणीस झाले. 1952 ते 1962 अशी सलग दहा वर्षं ते माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. ध्रुपदाची, म्हणजे ख्यालाच्याही आधीच्या जुन्या गायकीची, तालीम घेतलेला हा माणूस. मंत्री झाल्यावर हौसेनं चार बैठकी घडवून आणल्या आणि फोटो काढले, असं त्यांनी केलं नाही. संगीत हेच त्यांनी खात्याचं मुख्य काम मानलं.

वेळही तशीच होती. संस्थानं विलीन झाली होती. कोल्हापूर, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, आमचं मिरज, सगळीकडचे दरबारी कलावंत उघड्यावर पडले होते. ज्यांना महिन्याच्या महिन्याला तनखा मिळायचा त्यांनी आता खायचं काय, हा प्रश्न खरा होता. तिथं आकाशवाणी उभी राहिली. 1952मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच सुमारास रविशंकरांच्या हाताखाली वाद्यवृंद आला, 1954पासून रेडिओ संगीत संमेलन भरू लागलं. आसामातल्या माणसानं किराणा घराण्याचा गवई ऐकावा आणि सांगलीतल्या माणसानं कर्नाटकी गायन ऐकावं, हे त्याआधी कुठं शक्य होतं? माझे गुरुजी राष्ट्रीय कार्यक्रम लागला की दिवा बारीक करायचे आणि घरात कुणाला बोलू द्यायचे नाहीत. आमच्यासारख्या गरीब घरांतल्या मुलांना मोठे गवई ऐकायला मिळाले ते रेडिओवर, तिकीट काढून नव्हे. हे ऋण मी कधीही नाकारणार नाही.

आता दुसरी बाजू.

केसकरांना सिनेसंगीत हलकं, पाश्चात्त्य नकलेचं आणि रुची बिघडवणारं वाटायचं. वाटेना का! पण त्यांच्या हातात देशभरातला रेडिओ होता. सिनेमाच्या गाण्यांना कार्यक्रमांत दहा टक्क्यांची मर्यादा आली, गाणी निवडून घेण्याची चाळणी आली आणि सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून तेही बंद झालं. निर्माते चिडले, त्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. थोड्याच महिन्यांत आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ नाहीसं झालं.

लोकांनी काय केलं? रेडिओची सुई फिरवली. आजच्या श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडे महायुद्धातले ताकदवान शॉर्टवेव्ह प्रक्षेपक होते, त्यांचा आवाज थेट आपल्या गावापर्यंत यायचा. डिसेंबर 1952मध्ये तिथून बिनाका गीतमाला सुरू झाली, अमीन सायानींच्या आवाजात. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि कोलंबोला जायचा. मला आठवतो तो साठच्या दशकातला बुधवार. आमच्या गल्लीत एकाच घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, कौलांवरून तांब्याची तार ताणलेली. रात्री आठ वाजता ओट्यावर माणसं जमायची. स्टेशन सरकायचं, आवाज लाटेसारखा वर यायचा आणि विरायचा, घरातला थोरला मुलगा डोळे मिटून एका बोटानं बटण केसभर इकडेतिकडे करत राहायचा. गाणं पुन्हा लागलं की सगळे एकदम श्वास सोडायचे. त्यात विणकर होते, तालमीतली पोरं होती, दळण ठेवून आलेल्या बायका होत्या. या माणसांची रुची बिघडलेली होती, असं मला कुणी सांगू नये. लता मंगेशकर आणि मोहंमद रफी यांचा सूर कानात बसलेली ही माणसं होती. आपल्याच देशाचं गाणं ऐकायला त्यांना परदेशी स्टेशन शोधावं लागलं. अखेर 3 ऑक्टोबर 1957ला विविध भारती आली आणि सरकारनं आपला हट्ट अर्धा सोडला.

पेटीचं दुखणं तर माझ्या घरातलंच. आकाशवाणीवरची हार्मोनियमची बंदी केसकरांनी आणली नाही. ती 1940ची, इंग्रजी अमदानीतली. रवींद्रनाथांना पेटी खपत नव्हती आणि नेहरूंनाही. केसकरांनी ती दहा वर्षं तशीच चालू ठेवली. बंदीमागचं कारण खोटं नव्हतं, तेही सांगतो. पेटीचे सूर ठरलेले असतात, त्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही. दरबारी रागातला गंधार गवई झुलवत झुलवत खाली आणतो, तो गंधार पेटीच्या कुठल्याही पट्टीत नाही. म्हणून चांगला साथीदार तिथं काय करतो? तो गंधार वाजवतच नाही. रिषभावर थांबतो, भात्याचा जोर कमी करतो, गवयाला जागा मोकळी करून देतो आणि तो मध्यमावर आला की मागून अलगद येऊन मिळतो. हे शिकायला मला कितीतरी वर्षं लागली. पेटीत जे नाही ते कसं सांभाळायचं, याचं अख्खं शास्त्र आमच्या लोकांनी बसवलं. गोविंदराव टेंबे, विठ्ठलराव कोरगावकर, पी. मधुकर, पुढे अप्पा जळगावकर आणि तुळशीदास बोरकर. मराठी नाटकाचं गाणं तर पेटी आणि ऑर्गनवरच उभं राहिलं. ते सगळं शास्त्र स्टुडिओच्या दाराबाहेर. 1971च्या सुमारास दार किलकिलं झालं, तेही साथीपुरतं. बंदीमुळे सारंगीवाल्यांना काम मिळालं, याचा मला आनंदच आहे, सारंगीसारखी साथ नाही. पण एकाला बसवायला दुसऱ्याला उठवायची गरज नव्हती.

तरीही सिनेगीत आणि पेटी यांवरून मी केसकरांशी फक्त भांडलो असतो. राग आहे तो वेगळ्या गोष्टीचा. त्यांची अशी धारणा होती की मुसलमान अमदानीत आणि पुढे उस्तादांच्या घराण्यांच्या हाती जाऊन भारतीय संगीत आपल्या मूळ आध्यात्मिक वाटेवरून ढळलं. आता ही विद्या शिकल्यासवरल्या माणसांच्या हाती यावी, शास्त्रशुद्ध व्हावी, असं त्यांना वाटे. मोठमोठ्या नावांनाही आकाशवाणीवरची श्रेणी ठरवायला परीक्षेला बसवलं गेलं आणि मुंबईत कलावंतांनी त्यावर बहिष्कार घातला. त्याआधी, नभोवाणी खातं सरदार पटेलांकडे असताना, ज्यांचं खासगी आयुष्य बदनाम समजलं जाई अशांना आकाशवाणीचं दार बंद झालं होतं. त्याचा फटका कुणाला बसला असेल ते गोव्याच्या आणि कोकणाच्या कलावंत घराण्यांतल्या माणसांना सांगायला नको. ज्या बायकांनी ख्याल आणि ठुमरी जिवंत ठेवली, त्यांनाच चारित्र्याचा दाखला मागायचा?

मी मिरजेचा आहे. अब्दुल करीम खाँसाहेब आमच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले आहेत आणि त्यांच्या स्मृतीसाठी दरवर्षी तिथं गाणं होतं. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, भीमसेन सवाई गंधर्वांचे. केसरबाई केरकरांना अल्लादिया खाँनी घडवलं. भास्करबुवा बखले तर फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघांकडे शिकले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची जी गायकी इकडे आणली, तिचं मूळ हद्दू-हस्सू खाँकडे. असे कितीतरी ब्राह्मण, मराठा, गोमंतकीय शिष्य उस्तादांच्या घरी राहिले, त्यांचं पाणी भरलं, त्यांच्या शिव्या खाल्ल्या. त्यांच्यापैकी कुणालाही आपलं गाणं वाट चुकलं असं वाटलं नाही. पुण्यात जन्मलेल्या, ध्रुपद कळणाऱ्या माणसाला हे दिसू नये, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांचा कान तयार होता. आधी काय ऐकायचं हे ठरवून ते ऐकायला बसत, म्हणून तो तयार कानही कामाला आला नाही.

"मग गांधीजी?" हा प्रश्न इथं येतोच. गांधीजींना रागदारी किती कळत होती हे मी सांगणार नाही. पण त्यांनी विष्णू दिगंबर पलुस्करांकडे आश्रमासाठी गाणारा माणूस मागितला. पलुस्कर कुरुंदवाडचे, शिकले मिरजेत, बाळकृष्णबुवांकडे. त्यांनी आपला शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना साबरमतीला पाठवलं. खऱ्यांनी आश्रम भजनावली सिद्ध केली. तिच्यात तुकोबा आहेत, कबीर आहेत, मीरा आहे, नरसी मेहता आहेत. 1930च्या दांडीयात्रेतही खरे गांधीजींबरोबर चालले. गांधीजींना ख्रिस्ती भजनंही फार प्रिय होती. स्वतःची आवड त्यांनी अख्ख्या चळवळीला लावली, हे खरं, पण शेजारच्या घरातलं गाणं थांबवायला ते गेले नाहीत. त्यांच्या हाती खातं नव्हतं, असं कुणी म्हणेल. असेलही.

राजकीय भाष्यकारांचंही विचारलं जातं. अमेरिकेतलं एक उदाहरण सांगतो. 1984मध्ये जॉर्ज विल हे नामांकित स्तंभलेखक ब्रूस स्प्रिंगस्टीन या रॉक गायकाच्या कार्यक्रमाला गेले आणि त्याच्या गाण्यात त्यांना अमेरिकेचा आनंदी जयघोष ऐकू आला, तसा त्यांनी लेख लिहिला. काही दिवसांतच अध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीतल्या प्रचारसभेत त्याचं नाव घेतलं. त्याचं 'बॉर्न इन द यूएसए' हे गाणं मात्र व्हिएतनामहून परतलेल्या, काम न मिळणाऱ्या माणसाचं गाऱ्हाणं आहे. ध्रुवपद ऐकलं, कडवी ऐकली नाहीत. राजकारणात गाण्याचं बहुतेक वेळा असंच होतं.

केसकरांच्या काळातली एक गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटते. सिनेगीतांची जागा भरायला आकाशवाणीला नवं सुगम संगीत हवं होतं, केंद्रांवर त्यासाठी माणसं आणि पैसा आला. 2 ऑक्टोबर 1953ला सुरू झालेल्या पुणे केंद्रावर सीताकांत लाड होते. त्यांनी ग. दि. माडगूळकरांना गाठलं, सुधीर फडके आले आणि 1955च्या रामनवमीला, 1 एप्रिलला, गीतरामायण सुरू झालं. दर आठवड्याला एक नवं गाणं, वर्षभर, आणि त्या वर्षी अधिक मास आल्यानं एकूण 56. हे दोघे कुठून आले? सिनेमातूनच. मंत्र्यांना जो सिनेमा नको होता, त्याच सिनेमात माडगूळकर चालीवर शब्द बसवायला शिकले आणि फडके तीन मिनिटांत अख्खा भाव उभा करायला. आठवड्याची मुदत सांभाळून इतकं नेटकं काम दुसऱ्या कुणाला जमलं असतं? मुंबई केंद्रावर यशवंत देवांसारखे लोक होते, तिथून भावगीताला नवा बहर आला. म्हणजे पैसा आणि मोकळीक दिली तिथं सोनं पिकलं, आणि ते पिकवणारे हात बाजारातलेच होते.

1962च्या निवडणुकीत केसकर पडले. पुढे 1967मध्ये त्यांचं भारतीय संगीताच्या प्रश्नांवरचं पुस्तक आलं. खुर्ची गेल्यावरही संगीतावरच लिहिणारा माणूस होता तो, म्हणून मी त्यांना दर्दी म्हणतो आणि तो शब्द मागे घेत नाही.

आजच्या नेत्यांबद्दल विचाराल, तर मंचावरून जे दिसतं तेवढं सांगतो. बरेच जण दीपप्रज्वलन करतात, सत्कार घेतात आणि पहिल्या रागाची आलापी रंगायच्या आत उठतात. त्यांच्यामागे वीस माणसं उठतात, खुर्च्या सरकतात, गवयाचा सूर तुटतो. पण एक जण आठवतात, नाव सांगत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही. मागून येऊन सतरंजीवर बसायचे. विलंबित एकतालात तबल्यावर ठेका संथ चालू असायचा आणि त्यांचा हात बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मांडीवर पडायचा, पूर्ण ख्यालभर. मध्यंतरात माझ्याकडे येऊन त्यांनी मारवा रागात मी कोमल रिषभ कसा धरला ते विचारलं. संगीतासाठी सरकारनं काय करावं, असं मी त्यांना उलट विचारलं. ते म्हणाले, जुन्या ध्वनिमुद्रणांची कपाटं उघडी करावीत आणि गावोगावच्या केंद्रांवर पुन्हा वादक नेमावेत. बाकी काय वाजवायचं ते वादकांवर सोडावं.