तुम्ही विचारलंत म्हणून: देणगीदार म्हणेल ते करावंच लागतं का?

नाही, करावं लागत नाही. पण स्वयंसेवी संस्था आपल्या कामापासून भरकटते ती कुणी हात पिरगळला म्हणून नव्हे. बहुतेक वेळा फेब्रुवारीतल्या एका फोनमुळे.

2013च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक उलाढालीच्या किंवा नफ्याच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्च करावे लागतात. हिशेब 31 मार्चला बंद. मग फेब्रुवारीत कंपनीचा फोन येतो, "महिनाभरात काय उभं राहील?"

पाणलोटाचंच, म्हणजे पावसाचं पाणी आणि माती अडवण्याचं, उदाहरण घ्या. हे काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचं असतं. आधी डोंगरउतारावर सलग समतल चर (एकाच उंचीवर आडवे खोदलेले लांब खड्डे), मग ओघळींत दगडी बांध, नाल्यावरचा सिमेंट बंधारा सगळ्यांत शेवटी. चरांसाठी ग्रामसभा हवी, चराईबंदीवर गावाचं एकमत हवं. त्यात महिने जातात. बंधारा चटकन होतो आणि त्यावर कंपनीचं नावही रंगवता येतं! म्हणून पायथा आधी उरकला जातो. माथ्यावर न अडलेली माती वाहत येऊन बंधाऱ्यात बसते. काही पावसाळ्यांत तो गाळाने भरतो, अहवालात मात्र काम 'पूर्ण'.

अशा वेळी कंपनीला 'चालू प्रकल्प', म्हणजे एका वर्षात न संपणारा प्रकल्प, मंजूर करायला सांगा. त्यात उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. "प्रशासनाला 5 टक्केच" हे उत्तरही निमूटपणे ऐकू नका. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चावर आहे. गावात चर आखून देणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च.

काम घ्यायचं की नाही हे ठरवताना संस्थेच्या घटनेतल्या उद्देशांवर फार विसंबू नये. शिक्षण, आरोग्य, पर्यावरण असं सगळंच त्यात लिहिलेलं असतं, त्यामुळे काहीही बसतं. त्यापेक्षा माणसांचे दिवस मोजा. नव्या कामाला कार्यकर्त्याचे महिन्याला आठ दिवस लागणार आणि पैसे तीनच दिवसांचे मिळणार असतील, तर उरलेले पाच जुन्या गावांच्या वाट्याचे जातात. हा आकडा विश्वस्तांच्या बैठकीत लेखी मांडला, की चर्चा लवकर संपते.

नकार द्यायचा तर दोन दिवसांत द्या, आणि ते काम खरंच करणाऱ्या दुसऱ्या संस्थेचं नाव सुचवा. 25 मार्चला "जमणार नाही" ऐकलेला अधिकारी पुढच्या वर्षी फोन करत नाही.