आमची वाटचाल : गव्हाळ चेहऱ्यासाठी मिनरल पावडर

नाशिकचं ऊन फसवं. हवा गार असते, वारा सुटलेला असतो, त्यामुळे चटका जाणवत नाही, पण चेहरा रापत जातो. इंदिरानगरला माझं पार्लर होतं तेव्हा दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत छाटणीला, डिपिंगला (घड औषधाच्या पाण्यात बुडवायला) जाणाऱ्या बायका यायच्या, शाळेतल्या बाई यायच्या, स्कूटरवरून सातपूरला कामाला जाणाऱ्या मुली यायच्या. तक्रार बहुतेकींची एकच: "ताई, वांग आलेत."

गालावर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी डाग. कुणाला बाळंतपणात सुरू झालेले, कुणाला गर्भनिरोधक गोळ्यांनंतर, कुणाच्या आईलाही होते. ऊन लागलं की आणखी गडद. मैत्रिणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून आणलेलं, स्टेरॉइड असलेलं क्रीम महिनोन्‌महिने लावून कातडी पातळ आणि लाल झालेल्याही कितीतरी जणी पाहिल्या. त्यांना मी आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवायचे, आजही पाठवते. पण वांगाच्या उपचाराला वेळ लागतो, आणि तोवर लग्नकार्यात चारचौघींत बसायचं कसं, हा प्रश्न उरतोच. डाग झाकेल आणि त्वचेला त्रास देणार नाही असं काहीतरी हवं होतं. आमचा धंदा त्या गरजेतून उभा राहिला.

मिनरल पावडरमध्ये मुख्य घटक मोजकेच: झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड, अभ्रक आणि रंगासाठी लोहाची ऑक्साइडं. आम्ही सुगंध घालत नाही. बाहेरून येणाऱ्या डब्या मी पार्लरमध्ये वापरून पाहिल्या. गोऱ्या, गुलाबी कातडीसाठी केलेल्या त्या शेड आपल्या गव्हाळ, सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारख्या दिसायच्या. पांढऱ्या टायटॅनियमचा जोर जास्त, पिवळा कमी.

शेड बसवणं हे आमच्याकडचं सगळ्यात नाजूक काम. पिवळा, लाल आणि काळा, एवढे तीनच रंग. पिवळ्यात काळा चिमूटभर जास्त पडला की सगळी बॅच हिरवट मारते, मग लाल घालून ती सावरावी लागते. पल्व्हरायझरमधून, म्हणजे दळायच्या यंत्रातून, आणखी एकदा काढलं की रंग अजून खुलतो, म्हणून दळण्याआधीचा रंग बघून काहीच ठरवता येत नाही. आमच्या मुली पावडर जबड्याच्या कडेला लावतात आणि गाळ्याच्या दारात, उजेडात जाऊन बघतात. ट्यूबलाइटखाली पास झालेली शेड दारात नापास होते, हे नेहमीचं.

याच लोहाच्या ऑक्साइडबद्दल मला सगळ्यांना सांगावंसं वाटतं. वांग फक्त अतिनील किरणांनी वाढत नाहीत. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वाढतात, आणि सावळ्या-गव्हाळ त्वचेत हा परिणाम जास्त होतो. चेहऱ्यावर पांढरं न दिसणारं साधं सनस्क्रीन तो उजेड फारसा अडवत नाही. लोहाची ऑक्साइडं अडवतात. म्हणजे जो रंग डाग झाकतो, तोच त्याला उजेडापासून आडोसाही देतो. म्हणून आम्ही सांगतो: आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वर पावडर, आणि उन्हात स्कार्फ सोडायचा नाही.

एका मोठ्या वितरकाने डबीवर 'एसपीएफ ३०' छापा, माल उचलतो, असं सांगितलं होतं. एसपीएफ म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचा आकडा. एसपीएफची चाचणी त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन करतात. एवढी पावडर रोज कोण थापतं? आम्ही छापलं नाही. माल त्याने उचलला नाही.

सौंदर्यप्रसाधनं घरी करून विकता येत नाहीत, अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. म्हणून अंबडला एमआयडीसीत गाळा घेतला. 'मिनरल' म्हणजे थेट खाणीतलं, असा बऱ्याच जणींचा समज असतो. अंगणात सारवायचा गेरू हेसुद्धा लोहाचं ऑक्साइडच, पण मातीतल्या रंगात शिसं, आर्सेनिक येऊ शकतं. त्यामुळे आम्ही कारखान्यात शुद्ध बनवलेले रंग घेतो. नियमाप्रमाणे रंगात शिसं २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २० भाग) आणि आर्सेनिक २ पीपीएमच्या आत हवं. रिपोर्ट आल्याशिवाय पोतं उघडत नाही. अभ्रकही कृत्रिम वापरतो, कारण झारखंडच्या खाणींत लहान मुलं अभ्रक वेचतात. महाग पडतं, पण यात तडजोड नाही.

सध्या दाबून बसवलेल्या कॉम्पॅक्टवर काम चालू आहे. सुटी पावडर उडते, नाकात जाते, आणि दमेकरी बायकांना ती देणं मला पटत नाही. बागेत जाणाऱ्यांनाही आरशासकट कमरेच्या पिशवीत मावेल असं काहीतरी हवंय. गडद सावळ्या रंगासाठी दोन नव्या शेडही करतोय.

शेड बघायला गाळ्यावर याल तर दुपारी उजेड असताना या, चेहरा नुसता धुऊन या. आणि डॉक्टरांचं औषध चालू असेल तर त्याची चिठ्ठी सोबत आणा.