‘कंपनी फिटिंग’ आहे हे पटवायला गेलेले २९ दिवस

‘इंजिन मॉडिफिकेशन : होय.’

विम्याच्या तपासणी अहवालातल्या या एका ओळीपायी माझी मोटारसायकल, कावासाकी झेड एचटू, २९ दिवस पार्किंगमध्ये कव्हराखाली उभी राहिली. १३ जानेवारीला विमा कंपनीचा पहिला सर्व्हेअर, म्हणजे गाडी तपासणारा माणूस, घरी येऊन गेला आणि ११ फेब्रुवारीला पॉलिसी हातात पडली. बंगळूरहून सेकंडहँड गाडी घेऊन ती कोल्हापूरच्या नंबरवर चढवायची म्हटल्यावर आरटीओतच घोडं अडणार, असं सगळे सांगत होते. तिथे काहीच अडलं नाही. एनओसीचा, म्हणजे जुन्या आरटीओच्या ना-हरकत दाखल्याचा, फॉर्म २८, नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, नवीन नंबरसाठी फॉर्म २७, टॅक्स, हे सगळं रांगेने होत गेलं. अडलं ते विम्यात, तेही गाडीत जे आहे ते खरं सांगूनसुद्धा.

चूक माझीही होती, ती आधी सांगतो. जुन्या मालकाची पॉलिसी ९ जानेवारीला संपत होती. एनओसी येईल, मग नावावर करू, मग नवीन पॉलिसी काढू, अशा विचारात मी ती संपू दिली. पॉलिसी एकदा खंडित झाली की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर गाडी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोणी देत नाही. ती संपण्याआधीच हललो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. तुम्ही दुसऱ्या राज्यातून गाडी आणणार असाल तर व्यवहाराच्या दिवशी पहिली तारीख पॉलिसीची बघा, एनओसीची नंतर.

सर्व्हेअर तरुण होता, वागायला चांगला. त्याने चारही बाजूंनी फोटो काढले, चेसिस नंबर घेतला, ओडोमीटर घेतला. मग डाव्या बाजूला वाकला आणि ‘सुपरचार्ज्ड’ ही अक्षरं वाचून थांबला.

“दादा, हे नंतर बसवलंय का?”

“नाही हो, कंपनी फिटिंग आहे.”

त्याने मान हलवली, फोनवर काहीतरी टिक केलं, चहा घेतला आणि गेला. त्याने काय टिक केलं हे मी विचारलं नाही. चार दिवसांनी मेसेज आला की वाहनात आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरून नंतर बसवलेला, सुपरचार्जर आढळला, आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) त्याची नोंद नाही, प्रस्ताव थांबवला आहे.

त्या मुलाचा मला राग नाही. कारखान्यातूनच इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र, म्हणजे टर्बो किंवा सुपरचार्जर, घेऊन बाहेर पडलेल्या मोटारसायकली जगातच मोजक्या. १९८२ साली होंडाने सीएक्स ५०० टर्बो आणली. यामाहाची एक्सजे ६५० टर्बो, सुझुकीची एक्सएन ८५ आणि कावासाकीची ७५० टर्बो तिच्यामागोमाग आल्या, आणि काही वर्षांतच चौघींचाही खेळ संपला. गाड्या महाग होत्या, गुंतागुंतीच्या होत्या, शिवाय थ्रॉटल पिळल्यावर ताकद क्षणभर उशिरा यायची आणि आली की एकदम अंगावर यायची. टर्बो एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो, त्यामुळे वायूचा जोर वाढेपर्यंत तो जागा होत नाही. त्यानंतर जवळपास ३० वर्षांनी, २०१५ च्या मॉडेल म्हणून कावासाकीने निन्जा एचटू आणली, ती सुपरचार्जर घेऊन. हा एक्झॉस्टवर चालत नाही, क्रँकशाफ्टवरून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरून, गिअरने फिरतो. क्रँकच्या एका फेऱ्याला आतला पंखा ९.२ वेळा फिरतो. म्हणजे इंजिन १४ हजार आरपीएमला असताना अवघ्या ६९ मिलिमीटर व्यासाचा तो पंखा मिनिटाला जवळपास १ लाख ३० हजार फेरे घेतो. माझी झेड एचटू त्याच घराण्यातली. ९९८ सीसी, ताकद २०० पीएस. असली गाडी आमच्या भागातल्या सर्व्हेअरने याआधी पाहिली नसेल, तर त्यात त्याचा काय दोष?

राग येतो तो पुढच्या कारभाराचा.

कॉल सेंटरला फोन केला की दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळी कथा. “आपली तक्रार अंडररायटिंग टीमकडे पाठवली आहे, ४८ तासांत उत्तर मिळेल.” अंडररायटिंग म्हणजे विमा द्यायचा की नाही हे ठरवणारा विभाग. हे ४८ तास मी सहा वेळा मोजले. सातव्या फोननंतर ईमेल आला, की सुपरचार्जरची आरसीवरील नोंद सादर करावी. आता आरसीवर सुपरचार्जर लिहायला रकानाच नसतो. मेक, मॉडेल, चेसिस, इंजिन नंबर, सीसी, इंधन असतं. डिझेल कारच्या आरसीवर तरी टर्बो कोण लिहितो? हे मी सविस्तर कळवलं. त्यावर उत्तर आलं, “मग आरटीओचं पत्र आणा.”

मधल्या काळात एजंटने एक तोड काढली. “दादा, कशाला डोकं लावताय? मॉडिफाईड म्हणून टाकू, हप्ता थोडा वाढेल, उद्या पॉलिसी तुमच्या हातात.” खरं सांगतो, त्या दिवशी मी हो म्हणायच्या बेतात होतो. गाडीच्या किमतीपुढे तो फरक काहीच नव्हता आणि मला कंटाळा आला होता. रात्री झोप येईना म्हणून मोटार वाहन कायदा काढून बसलो. कलम ५२ सांगतं की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. केला तर कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे ‘मॉडिफाईड’ या शब्दाखाली सही करणं म्हणजे न केलेला गुन्हा कबूल करणं. उद्या अपघात झाला, क्लेम टाकला, की तोच कागद माझ्यासमोर धरतील. सकाळी एजंटला फोन करून नाही म्हणून सांगितलं. तुमच्यावर ही वेळ आली तर तुम्हीही नाहीच म्हणा. घाईने, कंटाळून, कोणाच्याही भरवशावर या शब्दाखाली सही करू नका.

आरटीओत पत्र मागायला गेलो तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं. “असलं पत्र आम्ही देत नाही हो. पण गाडी पहिल्यांदा पासिंग झाली तेव्हाचा फॉर्म २२ आहे का तुमच्याकडे?” माझ्याकडे नव्हता. फॉर्म २२ म्हणजे गाडी प्रदूषणाच्या आणि सुरक्षेच्या नियमांत बसते, असं निर्मात्याने दिलेलं सर्टिफिकेट. त्यावर मॉडेल, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर असतो. सेकंडहँड व्यवहारात आरसी, पॉलिसी, पीयूसी, दुसरी चावी एवढं सगळे मागून घेतात, पण फॉर्म २२ कोणी मागत नाही. मीही मागितला नव्हता.

बंगळूरच्या पहिल्या मालकांना फोन केला. हे गृहस्थ कागदांच्या बाबतीत फार शिस्तीचे. “सर, सगळं फाईलमध्ये आहे,” म्हणाले आणि तासाभरात स्कॅन पाठवले. फॉर्म २२, शोरूमचं पहिलं बिल आणि ओनर्स मॅन्युअलची संबंधित पानं. मूळ कागद मागाहून कुरिअरने आले.

आता नीट बघा, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. नुसता फॉर्म २२ पाठवून भागत नाही. माझ्या फॉर्मवर सुपरचार्जर असा शब्द कुठेही नव्हता. फॉर्म २२ एवढंच सिद्ध करतो, की या चेसिस आणि इंजिन नंबरची गाडी म्हणजे झेड एचटू. झेड एचटूच्या इंजिनाला सुपरचार्जर असतोच, हे मॅन्युअल सिद्ध करतं. बिनसुपरचार्जरची झेड एचटू कावासाकी बनवतच नाही. ही दोन टोकं एका पानावर जुळवली, दोन्ही कागदांवर नंबरांखाली रेघा मारल्या आणि एकच ईमेल केला. विषयात प्रस्ताव क्रमांक टाकला आणि शेवटी थेट मागणी केली, की पहिला अहवाल रद्द करून गाडीची नव्याने तपासणी करावी. याआधीच्या माझ्या सगळ्या ईमेलांत मी फक्त तक्रार करत होतो. मागणी या ईमेलात पहिल्यांदा होती. तिसऱ्या दिवशी फोन आला की आलेला अहवाल दुरुस्त करता येत नाही, पण फेरतपासणी लावता येईल. हीच गोष्ट पहिल्या फोनवर सांगायला काय हरकत होती?

हे लिहिताना आठवलं म्हणून सांगतो. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरती, पॉलिसी गाडी न दाखवताही निघते. ३५० सीसीच्या वरच्या दुचाकीला वर्षाचा मूळ हप्ता २,८०४ रुपये आहे. आरटीओच्या कामासाठी तेवढी पुरते. पण एवढी महाग गाडी स्वतःच्या नुकसानीच्या कव्हरशिवाय रस्त्यावर काढायची माझी छाती झाली नाही. आणि ९० दिवसांचीही आठवण ठेवा. स्वतःच्या नावावरची पॉलिसी संपून त्याहून जास्त दिवस गेले तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो.

फेरतपासणीला आलेले सर्व्हेअर वयस्कर होते, हातात बॅटरी. मी कागद पुढे केले तर म्हणाले, “राहू द्या, आधी गाडी बघू.” इंजिनाच्या मागच्या बाजूला बराच वेळ प्रकाश टाकत राहिले.

“ह्याला पट्टा कुठाय?”

“पट्टा नाही काका, आतून गिअर आहे.”

“आणि तेलाची वेगळी लाईन?”

“इंजिनाचंच तेल जातं त्याला.”

मग गाडी सुरू करायला सांगितली. थोडी रेस देऊन सोडली, तशी आतून ती बारीक चिवचिव आली. थ्रॉटल बंद केला की दाबलेली हवा कोंडते आणि पिंजऱ्यातल्या पाखरांसारखा आवाज करते. काकांनी पुन्हा रेस द्यायला सांगितली, कान जवळ नेला. सरळ झाले आणि म्हणाले, “बाहेरून बसवलेलं असतं तर ब्रॅकेट दिसलं असतं, वेल्डिंग दिसलं असतं, पाईप ओढलेला दिसला असता. हे केसिंगच्या पोटात आहे. गॅरेजात हे कोण करणार?” मग खाली बसून फॉर्म २२ वरचा इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी एकेक आकडा बोट ठेवून ताडून पाहिला. सबमिट करण्याआधी मी त्यांना स्क्रीन दाखवायची विनंती केली. त्यांनी न कुरकुरता दाखवला. ‘मॉडिफिकेशन : नाही. सुपरचार्जर निर्मात्याने बसवलेला.’ मी त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवला. सर्व्हेअर कितीही चांगला असो, हे विचाराच. पहिल्या वेळी मी विचारलं असतं तर तिथेच दुरुस्त झालं असतं.

११ तारखेला संध्याकाळी पॉलिसी ईमेलवर आली. ती उघडून मी आधी मॉडेलचं नाव वाचलं, मग शेरे वाचले, मग घरात सगळ्यांना वाचून दाखवली. आरटीओत गाडी दाखवायची राहिली होती, ते काम एका सकाळीत उरकलं. गाडी महिनाभर उभी राहिल्याने बॅटरी तेवढी मान टाकायला लागली होती. तुमच्या गाडीवर अशी पाळी आलीच तर पहिल्या आठवड्यातच ट्रिकल चार्जर, म्हणजे बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा चार्जर, लावा.

पहिल्या मालकांना कर्नाटकात भरलेल्या टॅक्सचा परतावा मागायचा आहे, त्यासाठी नव्या आरसीची प्रत त्यांना पाठवली. त्यांच्या त्या फाईलमुळेच मी यातून सुटलो, तेव्हा त्यांचं काम आधी केलं. तो पहिला चुकीचा अहवाल मात्र विमा कंपनीच्या रेकॉर्डला अजून आहे. तो रद्द केल्याचं लेखी कळवा, असं पत्र मी रजिस्टर्ड पोस्टाने धाडलं आहे. पोचपावती आली, उत्तर यायचं आहे.