समुद्र नसेल तर मग बोगमाळोच्या किनाऱ्याचं काय?

मुलांना प्रभू येशूच्या पुन्हा येण्याबद्दल शिकवायचं म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रकार दिसतात, एकतर "मोठे झालात की कळेल" म्हणून विषयच टाळायचा, नाहीतर भीती घालायची. नीट वाग, नाहीतर येशू येईल आणि तुला इथंच ठेवून जाईल. हे वाक्य मी चांगल्या प्रेमळ घरांत ऐकलंय आणि दरवेळी पोटात कालवतं, कारण ज्याने मुलांना कवेत घेऊन त्यांच्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला त्याच्याच नावाने आपण मुलांना घाबरवतोय. आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे आठवडे, तोंडावर आलाय, घराघरावर नक्षत्रं (नाताळचे चांदणीचे कंदील) लागायला सुरुवात होईल, म्हणून या वर्षी हे सगळं एकदा लिहूनच काढायचं ठरवलं.

मी वास्कोला राहते. आमची छोटी मराठी ख्रिस्ती मंडळी (चर्च) आहे, बरीच घरं कोल्हापूर, सांगली, बेळगावकडून नोकरीसाठी इकडे आलेली, काही इथलीच. संडे स्कूलला माझ्याकडे पहिलीपासून आठवीपर्यंतची मुलं असतात, त्यामुळे प्रश्न पण तसेच येतात, एकाला स्वर्गात सायकल मिळेल का हे हवं असतं आणि दुसरीला देवाने मरण ठेवलंच कशाला हे.

मागच्या सप्टेंबरचं, म्हणजे २०२५ चं सांगते. २३-२४ सप्टेंबरला प्रभू येणार आणि विश्वासणारे स्वर्गात उचलले जाणार अशी रील्स सगळीकडे फिरत होती, मुलांपर्यंत ती आईबाबांच्याच फोनमधून पोचली. सहावीतली एक मुलगी मला बाजूला घेऊन विचारते, टीचर मग परीक्षेचा अभ्यास करू की नको. चेष्टा नव्हती ती, त्या पोरीला रात्रीची झोप लागत नव्हती. त्या रविवारी ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि मत्तय २४:३६ उघडलं. तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, स्वर्गातल्या दूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. मग जो माणूस तारीख सांगतो तो पुत्रापेक्षा जास्त माहिती असल्याचा दावा करतोय, हे मुलांना चटकन कळलं. त्यांना १८४४ ची गोष्टपण सांगितली, अमेरिकेत विल्यम मिलरच्या हिशोबावर भरवसा ठेवून हजारो लोक २२ ऑक्टोबरची वाट बघत बसले, काहींनी शेतातलं पीकसुद्धा काढलं नाही, आणि तो दिवस इतर दिवसांसारखाच मावळला. ती माणसं वाईट नव्हती हे मी मुद्दाम सांगते. त्यांना खरंच प्रभूला भेटायचं होतं. पण तारीख चुकली म्हणून वचन खोटं पडत नाही, आणि वचन खरं आहे म्हणून तारीख काढायचा हक्क आपल्याला मिळत नाही, एवढं मुलांच्या मनात पक्कं बसायला हवं म्हणजे पुढचं रील आलं की ती गडबडणार नाहीत.

सुरुवात मात्र मी कधीच तुतारी आणि भूकंपापासून करत नाही. सुरुवात करते प्रेषितांची कृत्ये १ पासून. जैतुनाच्या डोंगरावर शिष्य वर आभाळाकडे बघत उभे आहेत, येशू आत्ताच गेलाय, आणि शुभ्र कपड्यातले दोघं त्यांना म्हणतात की हाच येशू, जसा जाताना पाहिलात तसाच परत येईल. हाच! म्हणजे ज्याने झक्कयाला झाडावरून खाली बोलावलं, ज्याने याईराच्या मुलीचा हात धरून तिला उठवलं आणि वर सांगितलं की हिला काहीतरी खायला द्या, तोच. कोण येतंय हे मुलांना माहीत असेल तर कधी येतंय याची धास्ती आपोआप कमी होते, माझा तरी हा अनुभव आहे. आणि हे काही आपल्या एकाच पंथाचं शिकवणं नाही, ३२५ साली नाइसियाला जमलेल्या बिशपांनी जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो येणार आहे हे विश्वासांगीकारात, म्हणजे आपण काय मानतो त्याच्या जाहीर कबुलीत, घातलं, आणि ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या मजकुरात त्याच्या राज्याला अंत नाही आणि मेलेल्यांच्या पुनरुत्थानाची आम्ही वाट पाहतो हेही आलं. शेजारच्या कॅथलिक चर्चमध्ये कोंकणीतून हाच विश्वासांगीकार म्हणतात. आमच्या मुलांचे निम्मे मित्र त्या चर्चमधले, त्यामुळे हे सांगितलं की मुलं खूष होतात.

आता उचलले जाण्याचा प्रश्न. १ थेस्सलनीका ४ मध्ये आहे की प्रभूला भेटायला आपण ढगांत जाऊ, आणि त्यावरून मुलांच्या डोक्यात चित्र बसतं ते पृथ्वी सोडून कायमचं पळून जायचं. विमान रिकामं, गाडीत ड्रायव्हर नाही, आई गायब. मला ते चित्र पटत नाही आणि मी मुलांना ते देत नाही. ते असं सांगते: आपल्या वाड्यावर सायबीण, म्हणजे घरोघरी नेतात ती मरीयामातेची मूर्ती, येते तेव्हा शेजारचे लोक काय करतात? मेणबत्त्या घेऊन, गाणी म्हणत पुढे जातात, तिला सामोरे जातात, आणि तिला घेऊन कुठे येतात? "घरी!" सगळी एकदम ओरडतात, कारण दरवर्षी गॅलरीतून बघितलंय. तसं आपण राजाला सामोरं जाणार आणि त्याच्यासोबत असणार, आणि तो येणार ते आपल्याकडे. काही पाळक वेगळं शिकवतात, त्यांच्याशी मी भांडत नाही, पण पवित्र शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण २१ मध्ये, नवी यरुशलेम नगरी वरून खाली उतरते, माणसं वर चढत नाहीत, आणि देवाचा मंडप माणसांमध्ये आला असं लिहिलंय, हे ज्याचं त्याने उघडून वाचावं.

आणि तिथेच, २१ च्या पहिल्याच वचनात, गोव्यातल्या मुलांचा सगळ्यात मोठा प्रश्न येतो. नवं आकाश, नवी पृथ्वी, "आणि समुद्रही राहिला नाही." वर्गात एकदम शांतता झाली. मग मागच्या बाकावरून, टीचर, मग बोगमाळो पण नाही? बायणा पण नाही? ज्याचे बाबा खारीवाड्याच्या जेटीवरून ट्रॉलरवर जातात तो म्हणाला, मग बाबा काय करणार? कोणीतरी म्हटलं मासे नसतील तर मला नाही जायचं स्वर्गात. हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे. ज्या मुलाचा प्रत्येक रविवारचा आनंद समुद्रावर आहे त्याला आपण सांगतोय की देवाच्या नव्या जगात तुझी सगळ्यात आवडती गोष्ट नाही, तर त्याने त्या जगाची वाट कशाला बघावी?

म्हणून आम्ही दोन रविवार फक्त यावरच घालवले. प्रकटीकरण लिहिणारा योहान हे कुठे बसून लिहितोय ते आधी बघितलं, पात्म बेटावर, विश्वासापायी तिथे जाऊन पडलेला, मंडळ्या पलीकडच्या किनाऱ्यावर आणि मध्ये समुद्र. मग दानीएल ७ काढलं, तिथे चार पशू समुद्रातून वर येतात, प्रकटीकरण १३ मधला पशूही समुद्रातून. त्या काळच्या यहुदी माणसाला समुद्र म्हणजे पिकनिक नव्हे, गिळणारी, तोडणारी, माणसाच्या हातात न येणारी गोष्ट. हे सांगितल्यावर एक मुलगी हळूच बोलली, तिचे पप्पा शिपवर असतात, महिनोन् महिने, "म्हणजे पप्पा आणि आम्ही यांच्यामध्ये काही नसणार, असं?" मला त्यापेक्षा चांगलं उत्तर देता आलं नसतं. मग प्रकटीकरण ५:१३ वाचलं, तिथे समुद्रातले सगळे प्राणीसुद्धा कोकऱ्याची, म्हणजे येशूची, स्तुती करतायत, म्हणजे देवाला माशांचा राग नाही. आणि उठलेल्या येशूने लूक २४ मध्ये भाजलेल्या माशाचा तुकडा शिष्यांसमोर खाल्ला, योहान २१ मध्ये किनाऱ्यावर निखाऱ्यांवर मासे भाजून ठेवले आणि या, न्याहारी करा म्हणाला. नव्या पृथ्वीवर पाणी कसं, किनारा कसा, हे मी ठासून सांगत नाही. पण आपला प्रभू मरणातून उठून आला आणि त्याने मासे भाजले, हे ठासून सांगते. ट्रॉलरवाल्यांच्या पोराने त्या दिवशी चित्र काढलं त्यात येशूच्या हातात बांगडा आहे, ते अजून आमच्या भिंतीवर लावलंय.

चित्रांवरून आठवलं, मोठ्या मुलांना प्रकटीकरण २१ मधल्या त्या नगरीचं माप खूप आवडतं. १२,००० स्तादी (लांबीचं जुनं ग्रीक माप) लांब, तेवढीच रुंद, तेवढीच उंच, म्हणजे साधारण २,२०० किलोमीटर. नकाशावर गोव्यापासून सरळ वर मोजलं तर श्रीनगरच्याही पुढे जातं, आणि आपला अख्खा गोवा उभा शंभरेक किलोमीटर. मग विचारायचं, लांबी रुंदी उंची सारखी अशी दुसरी खोली पवित्र शास्त्रात कुठली? १ राजे ६ मधलं मंदिरातलं परमपवित्रस्थान, वीस हात तिन्ही बाजूंनी, जिथे वर्षातून एकदा एकटा मुख्य याजक जायचा. आता सगळी नगरीच ती खोली झाली आणि तिच्या वेशी कधीच बंद होत नाहीत. आठवीतल्या मुलांच्या चेहऱ्यावर हे उमगताना दिसतं तेव्हा शिकवण्याचं चीज होतं.

आजीआजोबांचं मात्र जपून बोलावं लागतं. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, इथल्या दफनभूमीत फुलं, मेणबत्त्या, सगळा गाव लोटतो, आणि आमची मुलं विचारतात आमची आजी आत्ता कुठे आहे. आजी तारा झाली असं कृपा करून कोणी सांगू नका, ते आपल्या पवित्र शास्त्रात नाही आणि मुलाला पुढे फसवल्यासारखं वाटतं. मी दोन गोष्टी सांगते. आजी आत्ता प्रभूजवळ आहे, कारण वधस्तंभावरच्या चोराला येशूने "आज तू माझ्याबरोबर असशील" म्हटलं. आणि एवढ्यावर संपत नाही, प्रभू येईल तेव्हा आजी शरीराने उठेल, गुडघे न दुखणारी आजी. रडायचं नाही असंही सांगू नका. पौलाने दुःख करू नका असं म्हटलं नाही, आशा नसलेल्यांसारखं करू नका म्हटलं, आणि आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला.

न्यायाबद्दल मुलांना भीती कमी आणि उत्सुकता जास्त असते असं मला दिसलंय, विशेषतः ज्यांना शाळेत कोणी त्रास देतं त्यांना. कोणीतरी सगळं बघतंय आणि एक दिवस सरळ करणार आहे, हे त्यांना हवंच असतं. मत्तय २५ वाचा त्यांच्याबरोबर, भुकेल्याला खायला दिलं, परक्याला घरात घेतलं, आजाऱ्याला भेटलात.

आणि हो, "माझी बेस्ट फ्रेंड हिंदू आहे, तिचं काय होणार?" हा प्रश्न गोव्यात येणारच, चतुर्थीला तिच्या घरी नेवऱ्या खाऊन आलेली पोरगी विचारणारच. मी येशूवर विश्वास ठेवते आणि त्याच्याशिवाय दुसरा तारणारा मला माहीत नाही, हे मी लपवत नाही. पण न्यायाधीश तो आहे, मी नाही, तू नाही, आणि अब्राहामाने विचारलं होतं तसं सर्व पृथ्वीचा न्यायाधीश न्याय करणार नाही का? तिच्यावर प्रेम कर, तिच्यासाठी प्रार्थना कर, तिने विचारलं तर येशूबद्दल आनंदाने सांग, आणि वर्गात कोणालाही तू नरकात जाणार असं म्हणायचं नाही. यावर मी अजिबात तडजोड करत नाही.

पालक विचारतात प्रकटीकरण कुठल्या वयात सुरू करायचं. २१ आणि २२ अगदी लहानांनाही चालतात, बारा महिने बारा फळं देणारं झाड तर पहिलीवाल्यांचं फेव्हरेट आहे. पशू, कटोरे, पीडा हे बारा-तेरा वर्षांआधी नको, आणि तेव्हाही कोणीतरी मोठं सोबत बसून. झोपताना शेवटच्या पानावरची प्रार्थना शिकवा, ये, प्रभू येशू, तीनच शब्द, दोन वर्षांचं लेकरूही म्हणतं.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आम्ही यशया ६५ घेतोय, तिथे लोक घरं बांधतात आणि त्यात स्वतःच राहतात, मळे लावतात आणि त्यांची फळं स्वतःच खातात. ज्यांची मुलं आमच्याकडे येतात त्यांनी जुने खोके आणि पुठ्ठे पाठवा, घरं बनवायची आहेत. आणि या विषयावर मुलांनी विचारलेला एखादा प्रश्न अडला असेल तर खाली लिहा, मी मुलांसमोरच ठेवेन.