आमची वाटचाल: कॅमेऱ्याआधी वही

निपाणीत आमचा स्टुडिओ उभा राहिला तो पासपोर्ट फोटो आणि लग्नाच्या ऑर्डरींवर. त्यात नवल काही नाही. नवल होतं ते वडिलांच्या सवयीचं. प्रत्येक रोलला नंबर, आणि लाल वहीत त्यापुढे गाव, घराणं, प्रसंग, कोण कुणाचं. 1981 साली शरद जोशींच्या तंबाखू आंदोलनात शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले, तेव्हा कुठल्या गावची माणसं कुठं बसली होती, तेही वहीत आहे. आज नातवंडं येतात, “आमचा आजा यात हाय का बघा,” म्हणतात. वही नसती तर आमच्याकडे नुसत्या गर्दीचे फोटो असते.

अमेरिकेत लुईस हाइन या फोटोग्राफरची रीत अशीच. 1908 पासून बालमजुरीविरोधी समितीसाठी तो गिरण्या-खाणींतली पोरं टिपायचा. जाकिटाच्या बटणांवरून त्यांची उंची मापायची, खिशातल्या खिशात वय लिहून घ्यायचं. मालक फोटो खोटे म्हणतील हे त्याला पक्कं माहीत होतं.

धंदा वळला तो जरद्याच्या वखारींमुळे. तिथल्या बायकांच्या कामाचे फोटो हवे होते. पहिल्यांदा गेलो तो कॅमेरा न घेताच. चाळणीवरच्या मावशी म्हणाल्या, “आधी नाकाला फडकं बांध बाबा. आन् सकाळचं येऊन काय घावणार? खकाणा उडतो तो दुपारी, चाळायच्या वक्ताला.” दुपारी कवाडातून तिरपं ऊन आत येतं आणि खकाण्याचा, म्हणजे तंबाखूच्या धुळीचा, कण न् कण दिसतो. फ्लॅश लागलाच नाही.

प्री-वेडिंगलाही हाच हिशेब. गोकाकचा धबधबा 52 मीटरचा, पण भर पावसात पाणी तांबडं गढूळ आणि उन्हाळ्यात कड्यावर नुसता ओघळ. पांढरंशुभ्र पाणी हवं असेल तर तारीख आम्हाला विचारून धरा, असं सरळ सांगतो. काहींना पटत नाही. मुहूर्त भटजींचा, आमचं कोण ऐकतो!

जुन्या वाड्यांची कामं आली की पुतणी पुढे होते. ती कन्नड शाळेत शिकलेली, त्यामुळे उतारे, कचेरीतले कागद तीच वाचते. घरातल्या म्हाताऱ्यांशी मी बोलत बसतो. हे दिवस आता बिलात वेगळे लावतो. “फोटोला धा मिन्टं, मग आठवडा कशाला?” असं गिऱ्हाईक विचारतंच, त्याला लाल वही उघडून दाखवतो.